शनिवारचे चार संघ

मी, प्रभुदास शलमोन पारधे, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार सावेडी, अहिल्यानगर (जिभेवर अजून नगरच येते), कोणाच्याही दबावाशिवाय, देवाला स्मरून, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डॉ. दिशा कटारिया यांनी काल मला तपासले, आजचा वार कोणता म्हणून विचारले आणि मी शुद्धीवर असल्याचा दाखला दिला. काल शनिवार होता. शनिवार मी कधी चुकत नाही.

कलम १. माझे दोन खोल्यांचे घर, अंगणातल्या बुचाच्या झाडासह, मुलगा जोशुआ व मुलगी कृपा यांना समान मिळावे. विकायचे तर खुशाल विकावे, पण झाड तोडणाऱ्याला विकू नये. पहाटे ती पांढरी फुले पडू लागली की झाडाला एखादी कविता पाठ आहे आणि ते ती हळूहळू म्हणते आहे, असे मला वाटते. कायद्याला असले काही वाटत नाही, हे मी जाणतो.

कलम २. बँकेतील ठेव कृपाला. माझी पत्नी एस्तेर हिच्या शेवटच्या आजारात उशाशी कृपाच बसून होती. जोशुआने मन मोठे करावे. ते त्याचे मोठे आहेच, फक्त घाईत असते.

कलम ३. शाळेची जुनी कवितांची पाठ्यपुस्तके, अर्थ कळण्याआधीच ज्याला चाल आवडते अशा कोणत्याही पोराला द्यावीत. शाळेच्या कपाटाला देऊ नयेत. कपाटाची किल्ली नेहमी हरवते.

कलम ४. आता लीग. ही मालमत्ता कशी झाली ते सांगितल्याशिवाय वाटणी करता येणार नाही.

नगरच्या कॉलेजात होस्टेलच्या एका खोलीत आम्ही चौघे होतो : श्रीगोंद्याचा आसाराम, पुणतांब्याचा रखमाजी, नगरचाच पण घरी न राहणारा अमृत, आणि मी. रेक्टरांच्या रेडिओवर शनिवारी विलायतेतल्या फुटबॉलचे निकाल लागत. त्यावरून अमृतने खेळ काढला. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाने तिकडच्या निरनिराळ्या क्लबांतले अकरा खेळाडू निवडायचे आणि कागदावर आपला संघ करायचा. तिकडे जो गोल करील त्याचे गुण इकडे ज्याच्या कागदावर तो असेल त्याला. आम्ही त्यातल्या एकाचाही चेहरा पाहिलेला नव्हता. पुढे नोकऱ्या लागल्या, तेव्हा पोस्टकार्डावर खेळलो, मग फोनवर. एस्तेर म्हणायची, "त्या गोऱ्यांची नावं घेता तितक्यांदा माझं घेतलं असतं तर मी आणखी गोरी झाले असते."

माणूस कसा आहे ते त्याच्या संघावरून कळे. आसाराम साखर कारखान्यात केमिस्ट होता. तो खेळाडूसुद्धा उसाचा उतारा काढावा तसा तपासून घ्यायचा. अमृतचे मन शेवटच्या क्षणी बदलायचे. रखमाजी जखमी खेळाडूला कधी काढत नसे. सुप्याच्या कंपनीने त्याला हात दुखावला म्हणून घरी बसवले होते. "पाय मोडला म्हनून मानसाला काढायचं व्हय रं? मंग आपल्यात आन् कंपनीत फरक काय?" माझा नियम असा की, अकरा नावे ओळीने म्हटली की भुजंगप्रयाताच्या चालीत बसली पाहिजेत. गोल करणारे लोक बहुधा वृत्तात बसत नाहीत. त्यामुळे मी बहुतेक हंगामात शेवटचा.

मग अमृतची मोटारसायकल पुणे रस्त्यावर ट्रकखाली गेली. दहाव्याला नदीवर आम्ही तिघे उभे होतो. आसारामच म्हणाला, "आमृतचा संघ मोडायचा न्हाई. त्यानं निवडला आस्ता तसा आपन निवडायचा." तेव्हापासून तो मी निवडत आलो. शनिवारी दुपारी मुद्दाम एक खेळाडू बदलतो आणि मनात म्हणतो, बघ, बदलला. रखमाजी करोनात गेला. त्याचाही संघ माझ्याकडे आला. त्यातले जखमी झालेले मी काढले नाहीत. पुढे ते निवृत्त झाले, तेही काढले नाहीत. आता त्याच्या अकरांत खरोखर धावणारे पाच उरले आहेत. तरी शनिवारी मी अकराही नावे मोठ्याने वाचतो.

कलम ५. जुने हिशेब. (अ) १९८६ साली आसारामने ज्या गोलाचे गुण घेतले, तो बचावपटूच्या पायाला लागून आत गेलेला होता. मी मरणाच्या दारातही हे मागे घेणार नाही. (ब) जोशुआने मागे आमची लीग हौसेने मोबाईलवर बसवून दिली, पण दोनच नावांची. "पप्पा, बाकीचे दोघे ॲक्टिव्ह नाहीत ना आता." मी उठून पाणी प्यायलो. तेव्हा राहिले ते इथे बोलतो : बाळा, घरचे म्हणावे तर तू पुण्याला, कृपा सासरी, आई मातीत. माझ्याशी रोज बोलणारे ते दोघेच होते.

कलम ६. विजेत्याला मिळणारा मेसमधला ॲल्युमिनियमचा मग रखमाजीची मुलगी यशोधरा हिला पुणतांब्याला पोचवावा. तो आम्ही मेसमधून मागून आणलेला नाही, एवढे तिला सांगावे.

कलम ७. ~~माझ्या पश्चात अमृतचा, रखमाजीचा व माझा असे तिन्ही संघ आसारामने निवडावेत, आणि लीग त्याच्या हयातीपर्यंत चालवावी.~~

हे कलम मी स्वतः खोडले आहे. कोणी संशय घेऊ नये म्हणून कारण लिहितो.

आज सकाळी आसाराम एसटीने आला. मी त्याला सातवे कलम वाचून दाखवले. त्याने चहा बशीत ओतून संपवला. मग म्हणाला,

"साक्षीला कोन हाय?"

"डॉक्टरीणबाई आहेत. दुसरं कोणीतरी शेजारचं बघतो."

"मी करतो सही."

"तुला चालणार नाही. वकीलबाईंनी सांगितलंय, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. कायदाच आहे तसा. तू सही केलीस तर लीग तुझ्याकडे येणार नाही."

"ठावं हाय मला. म्हनूनच करतो म्हनलं."

मी त्याला नदीवरचे त्याचेच शब्द ऐकवले. ते ऐकून तो चिडला.

"बोललो हुतो. बोलायला काय लागतंय? निवडलं कुनी? आमृतचा तू निवडला, रखमाचा तू निवडला. मी नुसतं फोनवर व्वा व्वा केलं. प्रभ्या, तुझा संघ निवडायचा म्हंजी तुझ्यावानी इचार करायचा. ती नावं तुझ्या चालीत म्हनून बघायची. म्हनली की तुझा आवाज यील कानात. आन् म्हनून झाली की तू न्हाईस हे मला दर शनवारी नव्यानं कळंल. मला येकदाच कळू दे. येकदा लई झालं."

इतकी वर्षे मुलांना करुणरस शिकवला, आणि समोर बसला तेव्हा ओळखता आला नाही. पुढची कलमे लिहून झाली की पेन त्याच्या हातात देतो.

कलम ८. सबब, माझ्या मृत्यूबरोबर लीग बंद समजावी. तिन्ही संघ मोडावेत. रखमाजी मला क्षमा करो.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कृपाने करावी. जोशुआवर एकच काम सोपवतो. माझ्या दफनानंतरच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी त्याने आसारामकाकांना फोन करावा. फुटबॉलचा विषय काढू नये. जेवलात का, एवढे विचारावे, आणि ते फोन ठेवीपर्यंत आपण ठेवू नये.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, व दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

प्रभुदास शलमोन पारधे

साक्षीदार :
१. डॉ. दिशा कटारिया, सावेडी
२. आसाराम खंडेराव लगड, श्रीगोंदा

स्थळ : अहिल्यानगर
रविवार, दि. १८ जानेवारी २०२६