टकटक पुसू नये

मी, व्हर्लीन टिडवेल, कै. हार्लन टिडवेल यांची पत्नी, वय चौऱ्याऐंशी, राहणार सेल्मर, टेनेसी, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, पूर्ण शुद्धीत लिहिते. डॉक्टरांच्या मते हृदय थकले आहे, डोके नाही. याआधी लिहिलेले सर्व काही रद्द समजावे.

कलम १. घर, मागची जागा व बँकेतली शिल्लक माझी भाची ओनिटा हिला मिळावी. मक्याच्या पावाचा बिडाचा तवाही तिलाच. मात्र तिने तो साबणाने घासल्यास तवा चर्चच्या स्वयंपाकघरात जमा व्हावा. चाळीस वर्षांची चव एका दुपारीत धुऊन काढणारी माणसे आमच्या घराण्यात आहेत.

कलम २. १९५७ साली इथल्या रेडिओ केंद्राच्या मागच्या खोलीत माझा थोरला भाऊ ड्यूइट याने दोन गाणी म्हटली, त्यांची तबकडीही निघाली. त्याच्यामागे उभी बास, म्हणजे माणसाहून उंच असे तारांचे वाद्य, मी वाजवली. ड्रमवाला नव्हताच. आमच्याकडे रीतच तशी होती: बासच्या तारा ओढून लाकडी पट्टीवर आपटायच्या आणि त्या टकटकीवर लोकांनी नाचायचे. मी बोटांना चिकटपट्टी गुंडाळत असे, तरी रक्त यायचे ते यायचेच.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका कंपनीने आमच्या त्या काळच्या नाचाच्या, म्हणजे रॉकअबिली गाण्यांची नवी व्हिनाइल रेकॉर्ड काढली, त्यात आमची दोन्ही घेतली. पत्र फक्त ड्यूइटला आले. त्यांच्याकडची प्रत झिजलेली होती. ती साफ करताना माझी टकटक त्यांना तबकडीची खरखर वाटली आणि त्यांनी ती वेचून वेचून काढली. वेष्टनावर ड्यूइटचा फोटो आहे. बास वाजवणारा 'अज्ञात' आहे.

ड्यूइट एका रविवारी ती रेकॉर्ड घेऊन आला व माझ्याच खुर्चीत बसला.

"ऐक, कसं लख्ख झालंय!"

"ड्यूइट, यात मी कुठे आहे?"

"आहेस की! मागे गुं-गुं चाललंय ना, ती तूच."

"आणि टकटक?"

"अगं, ती खरखर होती, व्हर्ली. गेली ते बरंच झालं. आता या वयात त्यावरून भांडणारेस का?"

मी भांडले नाही. कॉफी दिली, सफरचंद भरून तळलेली 'पाई' दिली. पण मला फार वाईट वाटले, आणि ते कुठेतरी लिहिलेले असावे म्हणून इथे लिहिते.

कलम ३. मूळ टेप जळाली, असे ड्यूइट सर्वांना सांगतो. ती गोधड्यांच्या पेटीत आहे. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मिस्टर गॅस्किन्स यांनी ती मला दिली होती. मला कोणी विचारले नाही, म्हणून मीही बोलले नाही. ही टेप कोर्टासमोरचे रेकॉर्डवाले लॉनी क्रॅबट्री यांना मिळावी. त्यांनी नवी रेकॉर्ड दुकानात लावली आणि गाणे संपायच्या आत मला फोन केला: "मिस व्हर्लीन, तुमचे हात कुठं गेले हो?"

अट अशी की, या टेपवरून त्यांनी पुन्हा रेकॉर्ड काढावी आणि काहीही पुसू नये. सुरुवातीला मी खोकले आहे, तेही राहू द्यावे. वेष्टनावर माझे नाव माहेरच्या आडनावाने, व्हर्लीन स्टबलफील्ड असे, ड्यूइटच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे.

कलम ४. बास ड्यूइटला. त्याला वाजवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. ती त्याने बैठकीत उभी करावी, आणि ही कोणाची असे कोणी विचारल्यास खरे सांगावे.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला भजने नकोत. माझ्याकडची आमच्या गाण्यांची ती जुनी तबकडी लावावी, सुई पुसू नये. ड्यूइटला पहिल्या बाकावर बसवावे. टकटक सुरू झाली की त्याचा डावा पाय ठेका धरतो, लहानपणापासून, त्याच्या नकळत. त्या रविवारी, माझ्या खुर्चीत, अख्खे गाणे संपेपर्यंत तो पाय हलला नाही. मी बघत होते. त्या दिवशी सर्वांनी बघावे.

वरील मजकूर माझा, अक्षर माझे.

सही: व्हर्लीन स्टबलफील्ड टिडवेल

साक्षीदार, ज्यांना यातले काही मिळणार नाही व ज्यांनी तशी तक्रारही केली नाही:
१. युला हॅडली, शेजारीण
२. रेव्हरंड ऑर्व्हिल पेटिग्रू

सेल्मर, टेनेसी, ९ ऑक्टोबर २०२४