उपासाला चालणारी गोळी

धार, मंगळवार

प्रिय रुची,

आधी बातमी ऐक. परवा आमच्या ऋजुतानं बापाशी कडाक्याचं भांडण केलं! स्कूटी हवी म्हणून. हे बघतच राहिले, आणि सासूबाईंनी, आमच्या अक्कांनी, देवापुढे साखर ठेवली. गेल्या वर्षी जी पोर ‘हूं’च्या पुढे बोलत नव्हती, तिचा आवाज शेजारच्या उमाशंकर भियांपर्यंत गेला. मी ओट्याशी उभी राहून आनंदानं रडून घेतलं.

तुला कधी सांगितलं नाही, पण मधे सगळं माझ्यामुळे बिघडलं होतं. इंदूरच्या डॉक्टरांनी तिला डिप्रेशन सांगून गोळी सुरू केली, आठवड्याला समुपदेशनही. दोन महिन्यांत पोर जेवू लागली, हसू लागली. तेवढ्यात घट बसले. अक्का म्हणाल्या, नऊ दिवस कडक उपास, औषध नको. मला तर निमित्तच हवं होतं. सोळा वर्षांच्या मुलीला मनाची गोळी, हे डाचतच होतं. डॉक्टरांना न विचारता बंद केली, ती दसऱ्यानंतरही दिली नाही. दिवाळीच्या तोंडावर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली, आणि एका दुपारी म्हणाली, “आई, मैं नहीं रहूँ तो तुम लोगों को आराम हो जाएगा.”

तशीच तिला घेऊन इंदूर गाठलं. डॉक्टर रागावले नाहीत. अक्कांसकट सगळ्यांना समोर बसवलं. बरं वाटलं तरी औषध कित्येक महिने चालू ठेवायचं, थांबवायचं ते त्यांनी सांगितल्यावर, हळूहळू. मरणाचं बोलली तर विषय बदलायचा नाही, सरळ विचारायचं. यात तिचा आळस नाही आणि आमचं पापही नाही. यंदा घटापुढे अक्कांनीच तिच्या हातावर गोळी ठेवली, “घे बाळ, देवीस चालते.”

आता तुझं. तुझी अंकिता दार लावून पडून असते, बॅडमिंटन सोडलं, आणि तू म्हणतेस नखरे आहेत. मी डॉक्टरांचं नाव काढताच तू फोन आपटलास, म्हणून हे पत्र. त्याच डॉक्टरांची शनिवारी दुपारची वेळ तिच्यासाठी घेऊन ठेवली आहे. सकाळच्या बसनं ऋजुता एकटी देवासला येतेय, हट्टच धरलाय, “मावशी से मैं खुद बात करूँगी.” तिला डोळे भरून बघ, आणि नाही म्हणायचं असेल तर तिच्या तोंडावर म्हण.

रागावलेली, तरी तुझीच,
मेधाताई