दोन वह्यांतलं एकच मन

इंझोरी, डिसेंबर १९७३

मराठीच्या सरांना केशरबाईचा जयभीम.

माझी शशिकला आणि शेजारची गंगू तुमच्या नववीत आहेत. नवरा गेल्यावर मी लेकीच्याच पुस्तकांवरून वाचायला शिकले, म्हणून तिच्या वह्याही वाचते. वडील गेल्याच्या कवितेखाली दोघींनी लिहिलंय, ‘ही कविता वाचून माझे मन हेलावून गेले.’ दोघींचं मन अक्षरशः सारखंच कसं हेलावलं? हे तुम्हीच फळ्यावर लिहून दिलं असणार, असा मला संशय आला.

शशिकलेला विचारलं. ती म्हणाली, "सर तं म्हणे, सोताच्या मनचं लिवा. आमीच गाईडातलं उतरवलं."

"काहून वं?"

"तू वही वाचतं ना, माय."

ती पाण्याला गेली आणि मी शेवटचं पान उघडलंच. तिथे पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘कवितेतली आई रडते. माझी आई बाबाचा सदरा घालून कापूस वेचायला जाते. तो सदरा मला एकदाही मिळाला नाही.’

तुमच्याकडेच तक्रार करायला बसले होते, सर. आता हे पत्र पाठवत नाही. सदरा धुऊन तिच्या पेटीवर ठेवला आहे. वही पुन्हा उघडणार नाही.

शशिकलेची आई,
केशरबाई