सावधानमामा बंद होणार न्हाई

रहिमान गड्या,

कुंडलहून हंबीररावाचा सलाम आन रामराम, दोन्ही घे. आटपाडीची हवा मानवली का? गुडघा काय म्हणतो? लेकीच्या गावात शिलाई मशीन मांडलीस ते बरं केलंस. भाभींना नमस्कार सांग. आमी खुशाल हाय. गावानं मला वेड्यात काढलंय, तेवढं सोडलं तर.

सांगलीच्या पेपरात शेवटच्या पानावर खाली 'सावधानमामा' येतो, तू बी वाचतोस. पहिल्या चौकटीत झुपकेदार मिश्यांचा रिटायर सुभेदार मामा हुकूम सोडतो, दुसरीत सगळं बिघडतं, तिसरीत मामी नुसती बघती आन मामा तिलाच कडक सॅल्यूट ठोकतो. (मामी कवाच बोलत न्हाई. खरी मजा तिथंच हाय, असं आमची नात मनुबाई म्हणती.) लोक आधी तेच पान उघडत्यात, मंत्री-बिंत्री मागनं. टपरीवाला तर तेवढी पट्टी फाडून भिंतीला लावतो आन उरलेल्या पेपरात भजी बांधतो.

पण मधी एकदा मामानं म्हशी उंचीप्रमाणं रांगेत उभ्या केल्या. आता कुंडलात म्हशी उंचीप्रमाणं कोण बांधतं? मी! (गोठा नीटनेटका दिसतो, ह्यात हसण्यासारखं काय हाय?) सगळं गाव मला बघून 'सावधान!' वरडाया लागलं. मनुबाईनं चौकट कापून फ्रिजवर चिकटवली. मग मी छातीवर मेडलं लावली, एसटी धरली आन सांगलीला पेपरच्या हापिसात गेलो, मामा बंद पाडाया.

तिथं आधीच दोन पेन्शनर बसलेले, एक पलूसचा, एक तासगावचा. दोघांचंबी तेच, मामा म्हणजे मीच, माझी बदनामी थांबवा. संपादक वैतागून म्हणाला, "तक्रारी फार झाल्या. सोमवारपासून मामा बंद. त्या जागी शब्दकोडं."

गड्या, माझं टाळकंच सरकलं. त्या तासगावकराच्या मिश्या दात घासायच्या ब्रशाएवढ्या, आन हा म्हणं मामा! मी टेबलावर हात आपटला. "मामा मीच हाय! आन मी त्याला बंद करू देणार न्हाई!"

"अहो, तुम्ही तक्रार घेऊनच आला होता ना?"

"व्हय. ती मागं घेतली. आता ही दुसरी लिहून घ्या."

कोपऱ्यात एक पोरगी हसाया लागली. बोटं शाईनं काळी. ही माधवनगरची आसिया, मामा हीच काढती. म्हणाली, "काका, तुमच्यापैकी मामा कुणीच नाही. मामा म्हणजे माझी आजी. मिश्या तेवढ्या मी जोडल्या."

कोण विश्वास ठेवणार? आमी तिघं तिच्या मागनं माधवनगरला गेलो. आजीचं नाव रहिमतबी, गिरणीत आयुष्य काढलेली बाई. उंबऱ्यात पाय ठेवतोय तोवर आवाज आला, "चपला तिरप्या का काढल्या? सरळ लावा!" एवढी वर्षं फौजेत काढली, पर असला आवाज न्हाई ऐकला. मी माझ्या लावल्या, पलूसकराच्याबी लावल्या. चहासुद्धा तिनं उंचीप्रमाणं दिला. (तासगावकर शेवटी. बरं वाटलं.)

मामा बंद होणार, हे आसियानं सांगितलं तशी म्हातारी ताडकन उठली. "रोज सकाळी सारा जिल्हा माझ्यावर हसतोय. ते बंद करणारा हा कोण?" आन आमाला घेऊन ती पुन्हा हापिसात. तिला बघून संपादक खुर्चीतनं उठून उभा राहिला तो बसलाच न्हाई. मामा चालू राहिला. शब्दकोडं जाहिरातींच्या पानावर गेलं.

गाव अजून 'सावधान' म्हणतं. म्हणू दे. म्हशी उंचीप्रमाणंच बांधणार. हसायचं त्यानं दात काढून हसावं.

तुझा,
हंबीरराव

ता. क. तुझा एक फोटो धाड, एका बाजूनं काढलेला. गळ्यात टेप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कशाला ते विचारू नगं.

ता. क. दुसरा. विचारणारच तू. आसियाला मामाला एक दोस्त पायजे होता, एक टेलर, जो गिऱ्हाइकाचं माप घेतो आन शिवतो मात्र स्वतःच्या मनाचं. मी कुणाचं नाव घेतलं न्हाई, फक्त आटपाडीचा पत्ता दिला. फोटो लवकर धाड, न्हाईतर ती माझ्या आठवणीवरनं काढणार, आन माझ्या आठवणीत तू लय जाड हायस.