टेसाचे कान

प्रिय लॉर्न,

वर 'प्रिय' लिहिलं आहे ते पत्राची सुरुवात तशी करतात म्हणून. त्यावरून गैरसमज करून घेऊ नकोस. एवढ्या मोठ्या हॅमिल्टन शहरात माझ्या मुलीला नेमका तुझाच मुलगा सापडला आणि आपण व्याही झालो. तसं झालं नसतं, तर कारखाना सुटल्यावर तुझं तोंड पाहायचं मला काही कारण नव्हतं. मला लिहायची सवय नाही. शाळा आठवीत सुटली, त्यानंतर जे वाचलं ते भट्टीच्या भिंतीवरच्या सूचना आणि औषधांच्या बाटल्या. हे पत्र लिहिताना मी शेगडी बंद आहे का ते बघायला उठलो, मग पुढचं दार बघायला उठलो, मग पुन्हा शेगडी. तू हसशील. हस. माझ्या काळजीवर हसणं हा तुझा जुना धंदा आहे.

स्टीलवर्कर्स हॉलमधल्या त्या शनिवारबद्दल बोलायचं आहे. कार्यक्रम संध्याकाळी होता, दुपारी पोरं आवाज तपासून घेत होती. आपली नात टेसा ड्रम्सपाशी बसली, तिनं खिशातून डबी काढली आणि कानांत आवाज अडवायचे प्लग घातले. तू मागच्या बाजूला, बँडचा आवाज कमीजास्त करायच्या तुझ्या बटणांच्या टेबलाशी होतास. तिथं माईक हातात घेतलास आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालास, "बाजूला व्हा रे, कापसाची नात आली. पोरी, कानांत बुचं घालून कुणी ढोल बडवतं का? हे काय इस्पितळ आहे?" गिटारवाला हसला, दाराशी खुर्च्या लावणारी, हॉल सांभाळणारी मॉरीन हसली. मी कोटाची बटणं लावत उभा राहिलो. संध्याकाळी कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला बघतो तर प्लग पोरीच्या कानांत नव्हते, डबीत होते. दारापाशी मी तुला गाठलं तेव्हा तू माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणालास की कापूस, तू जन्मालाच मफलर गुंडाळून आलास. घरी येताना गाडीत टेसा सारखं डोकं झटकत होती, पाण्यातून बाहेर आलेल्या कुत्र्यासारखं. कानांतली ती शिट्टी मंगळवारपर्यंत थांबली नाही. तुला हे कुणी सांगितलं नाही, कारण तुला कुणी काही सांगतच नाही. ते का, ते पुढं येईल.

तुला वाटत असेल मी औषधाच्या दुकानात गेलो, हाताला लागलं ते पाकीट उचललं आणि पोरीच्या हातात कोंबलं. तसं पहिल्यांदा केलं होतं खरं. फोमचे, पिवळे, आपण कारखान्यात घालायचो तसलेच. प्लग आवाज किती कापतो त्याचा आकडा पाकिटावर असतो, तो ज्याचा सगळ्यात मोठा ते सगळ्यात चांगलं, असं मला वाटलं. टेसानं ते एक दिवस घातले आणि परत दिले. आमच्या भाषेत आजोबाला हाक मारत म्हणाली, "दिदो, यातून नुसती धडधड ऐकू येते. सगळे कांबळं पांघरून वाजवतायत असं वाटतं." तेव्हा मी तिला घेऊन कानाच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या बाईनं मला समजेल असं सांगितलं. फोम बारीक, धारदार आवाज जास्त कापतो आणि जाड आवाज कमी, म्हणून गाण्याचा चिखल होतो आणि पोरं वैतागून प्लग काढून टाकतात. मग आकडा कितीही मोठा असो, काढून ठेवलेला प्लग काय कामाचा? शिवाय फोम नीट बसवायचा म्हणजे बारीक वळी करायची, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, वळी आत सारायची आणि ती फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायची. आपण आयुष्यभर ते नुसते बाटलीच्या बुचासारखे अडकवत होतो, लॉर्न. आणि संध्याकाळी हॉलमध्ये मी औषधपेटीतला कापूस कानांत कोंबायचो, ज्यावरून तू माझं नाव पाडलंस, त्या कापसाचा उपयोग जवळजवळ नाहीच म्हणे. हे तुला सांगायची मला लाज वाटत नाही. नसलेल्यापेक्षा बरं म्हणून कोंबायचो.

वादकांसाठी वेगळे मिळतात. आत एक बारीक गाळणी असते, ती सगळे आवाज सारखेच खाली आणते. गाणं तेच राहतं, फक्त लांब गेल्यासारखं वाटतं. तयार मिळणारे तीन मापांचे असतात. टेसाचा डावा कान उजव्यापेक्षा लहान निघाला, म्हणून एकही जोडी दोन्हीकडे नीट बसेना. शेवटी बाईनं तिच्या कानांत गुलाबी लुकण भरून साचा घेतला. ते घट्ट होईपर्यंत मी बाजूला बसून विचारत राहिलो, ते आत अडकलं तर काय, पडद्याला लागलं तर काय. बाईनं आत आधी दोरा बांधलेला बोळा ठेवलाय म्हणून दाखवलं, तरी मी विचारतच राहिलो. मग गाळणी कुठली घ्यायची यावर वाद. टेसाला पंधरा डेसिबल उतरवणारी हवी होती, कारण ती ड्रम्समागून गातेही आणि भारी गाळणीनं आपलाच आवाज डोक्यात घुमतो. बाई म्हणाली, गिटारवाल्याला पंधरा पुरेल, पण झांजा ज्याच्या कानाशेजारी आहेत त्याला पंचवीस. मी पंचवीसच्या बाजूनं. टेसानं पंचवीस घेतली आणि दवाखान्यातल्या टेबलावर बोटांनी ताल धरून बघितला. मान डोलवली. मला त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी झोप लागली. त्या डबीवर तू माईकवरून थुंकलास.

पण तुला मी ओळखतो. तू हे असं बोलायला काल शिकलेला नाहीस. कारखान्याच्या गेटबाहेर खांबाला लावलेला तो पत्र्याचा डबा आठवतो? पाळी सुटली की सगळे जण कानांतले प्लग काढून त्यात फेकायचे आणि तिथून सरळ हॉलमध्ये. भट्टीवर प्लग काढला तर फोरमन घरी पाठवायचा, म्हणून दिवसभर घालायचे. आणि संध्याकाळी स्पीकरला पाठ टेकून उभं राहायचं, कारण तिथं सांगणारं कुणी नाही. दिवसा वाचवलेले कान कंपनीचे, संध्याकाळी फोडलेले आपले. तू तर म्हणायचास, जो आवाज कंपनीचा नाही त्यानं कान जात नाहीत. सगळ्यांना ते पटायचं. मला पटायचं नाही, पण मला कुठलीच गोष्ट पटत नाही, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तू त्या वेळेपासून हॉलच्या टेबलावर आहेस. आवाज लावण्यात तुझा हात धरणारा या गावात कुणी नव्हता, हेही लिहून टाकतो. तुझ्या टेबलामागून वाजलेला बँड छातीत बसायचा, कानात टोचायचा नाही. 'नव्हता', 'बसायचा' असं मी लिहितोय, ते मुद्दाम.

ईस्टरला आम्ही सगळे तुझ्याकडे जेवायला होतो. माझ्या मुलीनं ईस्टरचा गोड पाव, पास्का, आणला होता, तू हॅम कापत होतास. तुझ्या स्वयंपाकघराच्या छताला लावलेलं, धूर झाला की ओरडणारं यंत्र सेल संपत आल्यामुळं दर थोड्या वेळानं चिरकत होतं. सुई टोचावी तसा बारीक आवाज. पहिल्यांदा सगळ्यांनी वर बघितलं. मग कुणीच बघेना. मला वाटलं, हा माणूस किती आळशी, बायको गेल्यावर घराची काय दशा केलीये. मला धुराच्या यंत्राची काळजी वाटते, तुला माहीत आहे. मी म्हणालो, "लॉर्न, ते बंद कर की." तू विचारलंस, "काय बंद करू?" आणि तेवढ्यात ते तुझ्या डोक्यावर पुन्हा चिरकलं, आणि तुझी सुरी थांबली नाही. तू पापणीसुद्धा हलवली नाहीस. तुझ्या मुलानं पटकन फ्रीजचं दार उघडून लावलं आणि म्हणाला, फ्रीज वाजत होता, बाबा. टेसा ताटाकडे बघत बसली. मी घरी आलो आणि विचार करत राहिलो की फ्रीजचं नाव त्यानं का घेतलं.

मग त्या शनिवारी मी हॉलच्या मागच्या भिंतीशी उभा राहून ऐकलं. माझे कान बरे आहेत. भित्रेपणानं का होईना, बरे आहेत. झांज वाजली की पत्रा फाटल्यासारखी यायची. माईकमधून 'स' आला की दात शिवशिवायचे. पुढच्या रांगेतली एक बाई कानांवर हात ठेवून नाचत होती, आणि तू तिच्याकडे बघून अंगठा दाखवलास, तुला वाटलं ती मजेत आहे. मग मी तुझे हात बघितले. तू झांजेचं बटण थोडं वर नेलंस, डोकं तिरकं केलंस, पुन्हा वर नेलंस, पुन्हा डोकं तिरकं. बारीक आवाज तुला ऐकूच येत नाहीत, म्हणून ती ऐकू येईपर्यंत तू ती चढवत होतास, आणि तेव्हा मला ईस्टरचा तो फ्रीज कळला. तुझ्या कानांना जेव्हा ती बरोबर वाटली, तेव्हा हॉलमधल्या बाकी सगळ्यांच्या कानांत खिळे ठोकले जात होते. तू मुद्दाम करत असतास तर मला सोपं गेलं असतं. मी तुझ्यावर चिडायची इतकी तयारी करून आलो होतो.

तरी मी चिडलोच. कारण तुझ्या टोमण्यामुळं पोरीनं प्लग काढले, असं मी धरून चाललो होतो. परवा ती माझ्याकडे आली, मी तिला बटाटा भरलेल्या उकडलेल्या पेरोगी वाढल्या आणि विचारलं की त्या म्हाताऱ्यानं चार माणसांत काहीतरी बरळलं म्हणून एवढे मापाचे प्लग डबीत टाकतेस, तुला लाज कसली वाटते? ती म्हणाली, "दिदो, मी ग्रँपाच्या बोलण्यानं नाही काढत. प्लग घातले की त्यांनी लावलेला आवाज मला गोड लागतो. मग त्यांनी किती चढवलंय ते कळत नाही." मला समजलं नाही. तेव्हा तिनं सांगितलं. ती उघड्या कानांनी ऐकते, तू चढवलंस की गिटारवाल्याला डोळ्यांनी खुणावते, तो आपल्या गिटारचा धारदारपणा उतरवतो, ती स्वतः झांज हलक्या हातानं मारते. तू मागून चढवायचं, त्यांनी पुढून उतरवायचं. म्हणजे लोकांनी तक्रार करू नये, मॉरीननं तुला टेबलावरून उठवू नये. हे सगळं हिवाळाभर चाललंय. त्या शनिवारी गिटारवाला नवा होता, त्याला खुणा समजल्या नाहीत. मी म्हणालो, मग त्याला सांगत का नाहीस? ती म्हणाली, "ग्रँमा गेल्यावर त्यांच्याकडे ते टेबल तेवढं राहिलंय. टेबल गेलं की ते टीव्हीसमोर बसतील आणि उठणार नाहीत. माझे कान तरुण आहेत, सोसतील." लॉर्न, तरुण कान सोसत नाहीत. दवाखान्यातल्या बाईनं चित्र काढून दाखवलं होतं, आत बारीक केसांसारखं काहीतरी असतं, ते एकदा मोडलं की माणसाला पुन्हा उगवत नाही. मंगळवारी शिट्टी थांबली म्हणजे सगळं परत जागेवर आलं असं नसतं. तुझं टेबल टिकवण्यासाठी ती पोरगी आपलं ऐकणं खर्च करते आहे, आणि तू तिच्या प्लगना माईकवरून बुचं म्हणालास.

हे तुला सांगणार नाही असं मी तिला वचन दिलं होतं. ते मोडतोय. कळल्यावर ती माझ्याशी बोलणार नाही, माझ्याकडे जेवायला यायची नाही, आणि ती आली नाही की मी दिवसभर खिडकीशी काय काय कल्पना करत बसेन ते मला आत्ताच माहीत आहे. चालेल. फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोनवर तू हल्ली प्रत्येक गोष्टीला "हो हो, बरोबर" म्हणतोस, आणि हे मला तुझ्या "हो हो"मध्ये घालवायचं नाही. म्हणून कागद. येत्या शनिवारी टेसा पुन्हा तिथं वाजवणार आहे. त्याआधी तू स्वतःहून टेबल सोड. मॉरीनला कंबरेचं कारण सांग, गुडघ्याचं सांग, मी साक्ष देईन. खोटं बोलायला मी भितो, पण एवढं बोलेन. नाही सोडलंस तर शुक्रवारी मी मॉरीनला खरं कारण सांगणार. दुसरं, गुरुवारी सकाळी कानाच्या दवाखान्यात तुझ्या नावानं वेळ घेतली आहे. त्या बाईला मी विचारलं, कानाला ऐकायचं यंत्र लावून बँडचा आवाज लावणारे लोक असतात का. म्हणाली, असतात, पण आधी तपासू दे. जास्त काही तिनं कबूल केलं नाही, तेव्हा तूही जास्त काही धरून बसू नकोस. मला तू आवडत नाहीस आणि आवडायला लागशील असंही दिसत नाही, पण त्या पोरीला तू आवडतोस, आणि तिथं माझा इलाज नाही. गुरुवारी नऊला मी गाडी घेऊन येईन. बेल वाजवत उभा राहणार नाही. तू खिडकीत येऊन थांब.

तुझाच, इलाज नाही म्हणून,
ओरेस्ट