अनीसचा ऊद काचेत ठेवू नये

मी, वदाद नहास, दिवंगत अनीस नहास यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार पॅटरसन, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर मुलगा इलियास याला. मागचं अंजिराचं झाड तोडू नये. हिवाळ्यात ते पोत्यात गुंडाळायचं असतं, हे त्याला ठाऊक आहे, तरी लिहिते.

२. भांडीकुंडी सून डायना हिला. कॉफीचं पितळी भांडं नणंद सलीमाला देऊ नये. अनीसना पुरलं त्याच दिवशी तिने ते मागितलं होतं.

३. पुस्तकं शहराच्या वाचनालयाला. शाळा मला सातवीपर्यंतच मिळाली, पुढचं तिथे शिकले. ऊद, म्हणजे अनीस वाजवत ते तंतुवाद्य, बगदादहून स्पेनला गेला, आणि पुढे युरोपातल्या लोकांनी त्याच्या मानेवर स्वरांचे पडदे बांधले, हे तिथेच वाचलं. अनीसना सांगितलं तर म्हणाले, "बिचारा! बोटाला घसरायला जागाच ठेवली नाही."

४. अनीसचा ऊद. हे कलम लांबणार.

तो दमास्कसला बनला आणि अनीस तिकडच्याच स्वरात लावत. त्यांचा मित्र वारूजान आर्मेनियन, शिकलेला इस्तंबूलला. तिकडे ऊद एक पूर्ण स्वर चढा लावतात. इलियासच्या लग्नात वारूजानने हा ऊद मागून घेतला आणि सवयीने खुंट्या पिळल्या. नवरी हॉलमध्ये शिरत असतानाच तारा अडकवायची लाकडी घोडी तारांसकट उखडली.

"माझ्या वाद्याला फाशी दिलीस!" अनीस ओरडले.

"तुझा ऊद झोपाळू आहे. जागा करत होतो."

घोडी पुन्हा चिकटली, मैत्री नाही चिकटली.

अनीस गेल्यावर ऊद भिंतीवर गेला. इलियास म्हणायचा, "आई, संग्रहालयाला देऊ. काचेत नीट राहील, खाली बाबांच्या नावाची पाटी." मुका ऊद आणि खाली पाटी, म्हणजे दुसरी कबरच. पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. या काळजीने माझी झोप उडाली होती.

ईस्टरच्या आधी मी वारूजानला बोलावलं. काठी टेकत आला. ऊद पुसला, तारा लावू लागला. मी खुर्चीची कड धरून बसले. एका जागी खुंटी थांबली.

"अजून चढवणार असशील ना?" मी विचारलं.

"नाही, वहिनी. याचा आवाज इथेच आहे. तेव्हा यालाच विचारायला हवं होतं."

मग त्याने वाजवला. मला बसल्या जागी झोप लागली. जाग आली तेव्हा पायांवर शाल होती आणि तो अजून वाजवत होता.

म्हणून ऊद वारूजान केशिशियान याला देत आहे, तारा छेडायच्या गरुडाच्या पिसाच्या नखीसकट. दह्याच्या डब्याचं झाकण कापून केलेली स्वतःची नखी त्याने याला लावू नये. ऊद दमास्कसच्या स्वरातच लावावा. टांगून ठेवू नये, लग्नांत वाजवावा. पुढे ज्याला वाजवता येतं त्यालाच द्यावा, तो कुठल्याही देशाचा असो. संग्रहालयाला हवी तर ऊद ठेवायची रिकामी पेटी द्यावी. इलियासने रागावू नये. त्या दिवशी दारात उभा राहून तोही ऐकत होता.

५. मला अनीसशेजारी ठेवताना वारूजानने हा ऊद वाजवावा. सावकाश वाजवला तरी चालेल. आम्हा दोघांना आता घाई नाही.

वदाद नहास (सही)

वरील सही वदादबाईंनी आमच्यासमोर केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, कॉफी मिळाली.

साक्षीदार: मारी-रोज खूरी (सही), नकूला अतिये (सही)

पॅटरसन, १२ मे २०२३