नियामतभाईंचा खिमा आणि माझं मौन

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

निश्चय: नियामतभाईंच्या गाडीबद्दल आजपासून कुणाला एक शब्द सांगायचा नाही. कुणाला म्हणजे कुणालाही.

कारण: आठवड्याभरात दुसऱ्यांदा उभं राहून खावं लागलं. ऑफिसमधून विश्रांतवाडीला घरी येताना येरवड्यात ही गाडी लागते. पाटीवर हिरव्या अक्षरांत 'हलाल चिकन खिमा पाव'. साठ रुपये प्लेट. पण काय तो खिमा! तव्यावर कांदा करपायच्या बेतात आला की भाई मसाला टाकतात आणि सिग्नलपर्यंतची माणसं खोकायला लागतात. पहिल्या घासाला कान गरम, तिसऱ्याला नाक वाहतं, पाचव्याला माणूस सगळ्यांना माफ करून टाकतो.

शोध माझा. दीड वर्षापूर्वी इथे मी आणि रिक्षावाले, एवढेच होतो. (रिक्षावाले आधीपासून होते, पण त्यांना कदर नव्हती.) स्टूल एकच आहे. मी दिसलो की भाई ते फडक्याने पुसतात आणि न सांगता वरून चमचाभर तर्री सोडतात. ऑफिसात अॅडमिनमध्ये बावीस वर्षं झाली, माझी खुर्ची अजून कुणी पुसलेली नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आमोदला सांगितलं. तो अपवाद. शेजारच्या डेस्कवर बसतो, बिचारा रोज डब्यात दुधी आणतो, बघवत नाही. शपथ घालून सांगितलं. लोकेशनही पाठवलं, नाहीतर भलत्याच गाडीवर जाऊन माझं नाव खराब करायचा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आमोदने विश्वासघात केला. अकाउंट्सची पाच माणसं घेऊन आला होता. माझ्या स्टुलावर बसून त्यांना सांगत होता की ही जागा त्याने शोधली. मी उभ्यानेच खाल्लं आणि त्याच्याकडे अजिबात बघितलं नाही. त्याच्या लक्षात आलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मेहुण्याकडे, प्रज्ञेशकडे, जेवायला. हॉटेलातून मागवलेली साडेतीनशेची बिर्याणी वाढली आणि म्हणाला, असली चव पुण्यात दुसरीकडे नाही. माणसाने किती ऐकून घ्यायचं? बोललो. गल्ली मात्र सांगितली नाही. मग त्याने विचारलं म्हणून गल्ली सांगितली.

येताना नंदा म्हणाली, तुमच्या पोटात खिमा राहतो, गोष्ट राहत नाही. बायकोने तरी बाजू घ्यावी की नाही? नाही घेतली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रज्ञेशने खिम्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सोसायटी चारशे फ्लॅटची. आज चक्क रांग! एक बाई आपल्या डॉगीसाठी बिनतिखटाचा मागत होत्या. माझ्या स्टुलावर पाण्याचा जार ठेवलाय. भाईंनी लांबून हात केला, पण तो मला होता की माझ्या मागच्याला, कळलं नाही. तर्री नाही.

जग विश्वासघातक्यांनी भरलंय. मी सोडून एकालाही तोंड बंद ठेवता येत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

आयडिया! गाडी मॅपवर आहे. भाईंच्या सुनेने, शगुफ्ताने, टाकलीय. चार पूर्णांक आठ स्टार. खरी गळती इथे आहे. उपाय: एक वाईट रिव्ह्यू. एकच, पण असा की गर्दीने पाठ फिरवावी. यात भाईंचंच भलं आहे. साठीच्या माणसाला इतकी दगदग बरी नव्हे.

६.४०

टाकला. एक स्टार. 'अति तिखट. तेल तरंगतं. कांदा करपलेला. मसाल्याने घसा बसतो. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. कुटुंबासह येऊ नये.' वाचून मलाच भूक लागली. चष्मा सापडत नव्हता, पण नाव कुठे येत नाही हे पाहून घेतलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रांग तशीच. लोकांना वाचता येत नाही की काय! पण माझ्या रिव्ह्यूला सतरा अंगठे पडलेत. माझ्या लिहिण्यात दम आहे, हे मी पूर्वीपासून म्हणतोय.

सोमवार, १७ नोव्हेंबर

खिमा बदलला.

कांदा गुलाबी. ठसका नाही. तेल नाही. कान थंडगार. वर कोथिंबीर आणि लिंबाची फोड. दवाखान्यातल्या डब्यासारखा लागला. आणि रांगेतले लोक वा वा म्हणत खात होते!

दीड वर्ष मी या माणसाशी निष्ठेने वागलो. चार गिऱ्हाइकं वाढली तर यांनी चवच बदलून टाकली. आमोद गेला, प्रज्ञेश गेला, आता भाईही. फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि या खिम्याने ते येणं शक्यच नव्हतं.

निश्चय: उद्या तोंडावर विचारायचं. भीडभाड न ठेवता.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

विचारलं नाही. तोंडात घास होता.

गुरुवार, २० नोव्हेंबर

गर्दी नको म्हणून पाचलाच गेलो. भाई एकटे कांदा चिरत होते. सरळ म्हटलं, भाई, हे काय चालवलंय? जुना मसाला कुठे गेला? कुणाच्या सांगण्यावरून बदललात?

भाईंनी हात पुसले, मोबाइल काढला, शगुफ्ताने वाचून दाखवलं म्हणाले आणि माझ्यासमोर धरला. एक स्टार. शेजारी माझा फोटो, खडकवासल्याला गॉगल घालून काढलेला. आणि ठळक अक्षरांत दशरथ गायसमुद्रे.

म्हटलं, अकाउंट हॅक झालं असेल. हल्ली फार होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, साहेब, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण तुम्ही दीड वर्षं खाताय. आपला माणूस खोटं कशाला लिहील? मसाला माझ्या वडिलांचा होता, तरी बदलला. माझ्या हातचं खाऊन तुमचं पोट बिघडलं, हे ऐकल्यावर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तोंडावर सांगितलं असतंत तर त्याच दिवशी बदलला असता. तेवढंच जरा लागलं.

मी म्हटलं, मीटिंग आहे. निघालो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

अजून काही बिघडलेलं नाही. रिव्ह्यू सुधारला. पाच स्टार. 'अप्रतिम खिमा! पुण्यात तोड नाही!' 'जुना खिमा' असं मुद्दाम लिहिलं नाही, भाईंना कमीपणा नको. समजणाऱ्याला समजतं. सोमवारपर्यंत जुना मसाला परत येणार, यात शंका नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

रिव्ह्यूखाली शगुफ्ताचं उत्तर आलंय. 'शुक्रिया सर. तुम्हाला नवीन चव आवडली हे वाचून अब्बू खूप खूश झाले. आता हीच कायम ठेवणार. जुन्या मसाल्याचा डबा त्यांनी आज रिकामा केला.'

सोमवार, २४ नोव्हेंबर

निश्चय: आज सगळं खरं सांगायचं.

गेलो. भाईंनी रांग थांबवून माझी प्लेट आधी दिली. मी खाईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. पोट बरं आहे ना आता, विचारलं.

बरं आहे म्हणालो.